नाव एक, कागद अनेक

खेड्यातल्या माणसाला पासपोर्ट कशाला हवा, असे पूर्वी लोक म्हणत. आता तसे राहिलेले नाही. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांतली माणसे दुबईला, मस्कतला, कुवेतला कामाला गेली आहेत. कोणाला हजला जायचे असते. कोणाची लेक परदेशात बाळंतीण व्हायची असते आणि आईला तिच्याजवळ जाऊन राहायचे असते. या सगळ्यांना पासपोर्ट लागतो. सरकारी मराठीत त्याला पारपत्र म्हणतात. बोलताना तसे कोणी म्हणत नाही, म्हणून आपणही पासपोर्टच म्हणू.

पासपोर्ट म्हणजे आपण कोण, कोठले, कोणाचे, हे परदेशात दाखवायचा आपल्या सरकारचा दाखला. तो देण्याआधी सरकार आपले जुने कागद पाहते. येथेच घोडे अडते. एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरे. एकावर एक जन्मतारीख, दुसऱ्यावर निराळी. व्हिसाला मुदत असते आणि परदेशातला मालक वाट पाहत बसत नाही. कागद जुळेनात म्हणून हातातोंडाशी आलेली नोकरी गेली, अशी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांनी काही लबाडी केली नव्हती. लहानपणी कोणीतरी घाईने चार अक्षरे लिहिली, त्याचे हे फळ.

या चुका होतात कशा, ते आधी पाहू.

समजा, एका मुलाचे नाव बाळकृष्ण. घरात त्याला बाळू म्हणतात. रेशनकार्ड करताना आजीने बाळू सांगितले, कारकुनाने बाळू लिहिले. शाळेत गुरुजींनी बाळकृष्ण लिहिले. त्याच्या बापाचे नाव सातबाऱ्यावर रामचंद्र, मतदार यादीत रामा. आता बाळू रामा आणि बाळकृष्ण रामचंद्र हे एकच, हे गावाला ठाऊक आहे. पण पासपोर्ट कचेरीतल्या माणसाने आपला गाव पाहिलेला नाही. तो फक्त अक्षरे पाहतो.

जन्मतारखेची गोष्ट तर आणखी मजेची. आपल्याकडे १ जून हा फार लोकांचा वाढदिवस! एकाच वर्गात दहा-दहा मुले १ जूनला जन्मलेली. हे कसे? पूर्वी मुलाला शाळेत घालताना जन्माचा दाखला कोणी नेत नसे. "पोर केवढं?" असे गुरुजी विचारत. "मोठ्या पावसाच्या साली झालं," असे आई सांगे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मग वयाचा हिशेब बसेल असे साल धरून गुरुजी १ जून लिहून टाकत. गुरुजींना आम्ही दोष देत नाही, पोर शाळेत बसले हे त्यांचे उपकारच. पण ग्रामपंचायतीच्या वहीत खरी तारीख असेल आणि शाळेत १ जून असेल, तर माणसाला दोन जन्मतारखा झाल्या.

बायकांचे दुखणे वेगळेच. माहेरी नाव शकुंतला, लग्नात नवऱ्याने तांदळात लिहिले सुनंदा. शाळेचा दाखला शकुंतलाचा, आधारकार्ड सुनंदाचे. पुढे मुलाच्या जन्मनोंदीत आईचे नाव एक आणि आईच्या कागदांवर दुसरे. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी. ज्या गावी किंवा ज्या दवाखान्यात मूल जन्मते, तेथेच जन्माची नोंद होते. पुष्कळ जण सासरच्या ग्रामपंचायतीत वह्या धुंडाळतात आणि नोंदच नाही म्हणून कपाळाला हात लावतात. नोंद असते, पण आजोळच्या गावी असते.

जुन्या काळी जन्ममृत्यूच्या नोंदी गावच्या कोतवाल बुकात होत. सरकारी दप्तरात त्याला गाव नमुना १४ म्हणतात. ही जुनी पुस्तके बहुधा तहसील कचेरीत असतात. त्यांतल्या किती तरी नोंदी मोडी लिपीत आहेत. पुष्कळ ठिकाणी बाळाचे नावच नसते. बापाचे नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. बारशाआधीच नोंद झालेली, नाव कोठून असणार?

आता एक दिलाशाची गोष्ट. जन्मदाखला नाही म्हणून पासपोर्टच मिळणार नाही, असे नाही. २०२५ साली केंद्र सरकारने नियम केला, तो असा. ज्याचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर झाला, त्याला जन्मदाखलाच द्यावा लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना दुसरे कागद चालतात. शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचे प्रमाणपत्र, पॅनकार्ड, गाडी चालवण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र, आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी, सरकारी नोकराचे सेवापुस्तक, यांपैकी ज्यावर जन्मतारीख असेल तो एक कागद पुरतो. आधारकार्डाचा मात्र घोटाळा करू नका. हल्ली त्यावर छापलेलेच असते की हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे.

म्हणून घाईने वकिलाकडे किंवा दलालाकडे धावू नका. आधी घरातले सगळे कागद एका चटईवर मांडा. एका कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहा: आपले पूर्ण नाव, बापाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख. मग एकेक कागद हाती घेऊन अक्षर न अक्षर ताडून पाहा. जेथे फरक दिसेल तेथे पेन्सिलने खूण करा, पण ती कोऱ्या कागदावर. मूळ कागदावर रेघही ओढू नका. खाडाखोड केलेला कागद चुकीच्या कागदाहून वाईट. पत्ता निराळा दिसला तर फार घाबरू नका, माणूस घर बदलतो. नाव आणि जन्मतारीख मात्र बदलत नाहीत, म्हणून त्यांच्याकडेच जास्त लक्ष द्या.

दुरुस्ती कोठून सुरू करायची? मुळापासून. जन्मनोंद हे मूळ, शाळा हे खोड, बाकीचे कागद या फांद्या. पुष्कळ लोक आधी आधारकार्ड बदलून घेतात, कारण ते सोपे वाटते. मग जन्मदाखला हाती येतो आणि त्यावर तिसरेच निघते. आधारवर नाव दोनदाच बदलून मिळते आणि जन्मतारीख एकदाच. ती संधी आधीच वाया घालवली, की पुढे हेलपाटे.

जन्मनोंदीत चूक असेल तर काय करायचे? ग्रामपंचायतीत असे बोलणे होते:

"भाऊसाहेब, माझ्या पोराच्या दाखल्यावर बापाचं नाव रामा लिहिलंय. तेवढं खोडून रामचंद्र करा की."

"काकी, खोडता येत नाही. खोडलं तर मीच आत जाईन."

"मग हो?"

"मूळ नोंद तशीच ठेवायची. शेजारी समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. कायदाच तसा आहे. पण मला पुरावा लागतो. मालकांचा जुना कागद आहे का एखादा?"

"सातबारा आहे. त्यावर रामचंद्रच आहे."

"आणा तर. सोबत अर्ज लिहून आणा. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय जाऊ नका."

भाऊसाहेब म्हणतात तो कायदा १९६९ सालचा, जन्ममृत्यू नोंदणीचा. लिहिणाऱ्याच्या हातून अक्षर चुकले असेल, तर काम लवकर होते. नोंदीतली माहितीच चुकीची असेल, तर खरी हकिकत ठाऊक असलेल्या दोन विश्वासू माणसांचे लेखी निवेदन लागते. नोंदीत बाळाचे नाव नसेल, तर पहिल्या १२ महिन्यांत ते फुकट घालता येते. पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब फी भरून घालता येते. घरात लहान मूल असेल त्याने हे या आठवड्यातच पाहावे. नोंदच झालेली नसेल आणि वर्ष उलटून गेले असेल, तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला दंडाधिकारी यांचा हुकूम लागतो. २०२३ पूर्वी त्यासाठी कोर्टात जावे लागे.

पोच मागायला लाजू नका. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कोणते काम किती दिवसांत करून देणार, याचा फलक कचेरीत लावावा लागतो. तो फलक वाचा. तुम्हाला आता वाचता येते. मुदतीत काम झाले नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि अपिलात पहिली गोष्ट विचारतात ती पोच.

शाळेच्या दाखल्याची दुरुस्ती अवघड आहे, हे सांगितलेच पाहिजे. मूल शाळेत असेल तर मुख्याध्यापकांकडे पुराव्यासह अर्ज करा, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर सहसा कोणी नोंदवहीला हात लावू देत नाही. उघड दिसणारी चूक असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून दहावीचा फॉर्म भरताना पोराच्या शेजारी बसा. त्या फॉर्मवरचे नाव जन्मभर चिकटते.

नाव खरोखरच बदलले असेल, शकुंतलाची सुनंदा झाली असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेता येतो. पण प्रत्येकीला याची गरज नाही. लग्न झाले म्हणून पासपोर्टवर सासरचे नाव घातलेच पाहिजे असे नाही. माहेरच्या नावावरही पासपोर्ट मिळतो. लग्नाचा दाखला जोडण्याची सक्तीही २०१६ पासून काढली आहे. अर्जात आईबापांपैकी एकाचे नाव दिले तरी चालते. नवऱ्याने टाकलेल्या बाईला मुलाच्या पासपोर्टसाठी पूर्वी फार त्रास पडे, तो यामुळे हलका झाला आहे.

प्रतिज्ञापत्र, म्हणजे लोक ॲफिडेव्हिट म्हणतात ते, सगळ्या रोगांवरचे औषध आहे असा एक समज आहे. तो खोटा. 'बाळू आणि बाळकृष्ण एकच' असे प्रतिज्ञेवर सांगता येते. पण त्याने वहीतली नोंद बदलत नाही. अर्जात 'तुम्हाला दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखतात का' असा प्रश्न असतो. तेथे दुसरे नाव सरळ लिहावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

लपवणे मात्र महागात पडते. काही दलाल म्हणतात, "काळजी नको, नवा दाखला छापून देतो." असा दाखला घेऊ नका. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. दलाल पैसे घेऊन मोकळा होतो, अर्जावर सही आपली असते. मोठ्या माणसाच्या ३६ पानी साध्या पासपोर्टची सरकारी फी १५०० रुपये, ही २०२५ सालची गोष्ट. दलाल किती मागतो ते ताडून पाहा. शंका असेल तर १८००-२५८-१८०० या सरकारी क्रमांकावर विचारा, त्याला पैसे पडत नाहीत.

आता इंग्रजी अक्षरांचे पाहू. पासपोर्टवर नाव इंग्रजीत छापतात. पवार या नावात व्ही घालायचा की डब्ल्यू? विठ्ठलमध्ये टी एकदा की दोनदा? बरोबर किंवा चूक असे यात काही नाही. पण शाळेच्या किंवा बोर्डाच्या कागदावर जसे असेल तसेच सगळीकडे हवे. अर्जात नावासाठी एक घर आणि आडनावासाठी दुसरे घर असते. आपल्याकडे नावापुढे बापाचे नाव लावतात, ते पहिल्याच घरात जाते. बापाचे नाव आडनावाच्या घरात पडले, की मोठा गोंधळ होतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नाव, मग आईचे नाव, मग बापाचे नाव, शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे. त्यामुळे एकाच घरात थोरल्याचे नाव तीन शब्दांचे आणि धाकट्याचे चार शब्दांचे असेल. ती चूक नव्हे.

पासपोर्ट केंद्रावर पहिल्या टेबलाशी कागद तपासतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, आणि आपली माहिती पडद्यावर दाखवतात. येथे घाई करू नका. मागे रांग असली तरी असू द्या. इंग्रजी वाचता येत नसेल तर स्पेलिंग एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून न्या आणि अक्षरास अक्षर लावून पाहा. चूक असेल तर "साहेब, हे अक्षर चुकलंय" असे तेथेच सांगा. तेथे ती मिनिटात सुधारते, छापल्यावर पुन्हा अर्ज आणि पुन्हा खेप.

पुढे पोलीस चौकशीला येतात. गावात बाळू या नावानेच सगळे ओळखत असतील, तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा की अर्ज बाळकृष्ण या नावाने केला आहे. नाहीतर शेजारी भाबडेपणाने सांगतील, "या नावाचा इथं कोणी नाही हो," आणि शेरा पडेल तसाच.

पासपोर्ट टपालाने घरी येतो. पाकीट फोडल्याबरोबर नाव, आडनाव आणि जन्मतारीख पाहून घ्या. तिकीट आणि व्हिसा यांवर तेच स्पेलिंग लागते. म्हणून तिकीट काढणाऱ्याला नाव तोंडी सांगू नका, पासपोर्टचे ते पान त्याच्यापुढे उघडून धरा.