आधी विचारा, रुग्णांसमोर कधी बसवणार?

एटापल्लीतल्या आईबाबांनो,

मुलगी बारावीनंतर नर्सिंगला जाते म्हणाली असती, पोलीस भरतीची किंवा वनरक्षकाची तयारी करते म्हणाली असती, तर तुम्ही एवढे गोंधळला नसता. त्या वाटेनं गावातलं कुणी ना कुणी गेलेलं आहे. पण ही म्हणते, मला मानसोपचाराचं शिकायचंय, लोकांशी बोलून त्यांचं दुखणं हलकं करायचंय. मग तुमच्या मनात येतं, नुसत्या बोलण्याचे पैसे कोण देणार? वेड्यांच्या दवाखान्यात पोरीला धाडायचं का? आणि शिकायचं तरी कुठं?

या शंका रास्त आहेत. त्या तिच्यासमोर बोलून दाखवा, मनात ठेवू नका. मी शिकवणारी बाई आहे आणि तिच्या बाजूनं बोलणार आहे, हे आधीच सांगते.

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एक सकाळ बसून पाहा. आतल्या गावची म्हातारी येते. झोप नाही, जेवण जात नाही, छातीत धडधड. ती माडियात बोलते. नातू त्यातलं त्याला कळलं तेवढं मराठीत सांगतो, आणि आजीनं मेलेल्या लेकाचं नाव घेतलं ते सांगायचं गाळतो, कारण त्याला ते दुखण्यात मोडतं असं वाटत नाही. कागदावर ‘अशक्तपणा’ लिहिलं जातं, गोळ्या मिळतात, म्हातारी परत जाते. डॉक्टरांची इथं चूक नाही, बाहेर रांग उभी असते. पण त्या खोलीत माडिया कळणारं, मनाचं शास्त्र शिकलेलं एक माणूस असतं, तर ते नाव निसटलं नसतं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आणि ते पोचवता येतात, हे आपल्याच विदर्भात दिसलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातच माणसं तयार केली, ती घरोघरी गेली, बसून बोलली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे सुरुवातीला शंभरात चार होते, दीड वर्षानं सत्तावीस झाले. बोलण्याचे पैसे कोण देणार, याचं अर्धं उत्तर अशा उपक्रमांत आहे. उरलेलं अर्धं म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या जागा, १४४१६ या टेलि-मानस दूरध्वनीवरचे समुपदेशक, व्यसनमुक्तीची कामं. आपला गडचिरोली जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा, तरी २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या उपक्रमाला गावोगाव फिरावं लागतं, ते का हे तुम्हाला मी सांगायला नको. यातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही ऐकून ठेवा.

आता पदवीचं. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर व्हायचं तर एमबीबीएस आणि पुढं एमडी. मनाच्या आजारावर औषध लिहिण्याचं खास शिक्षण त्यांचंच. तुमची मुलगी कला शाखेत आहे म्हणून मात्र हिरमुसायचं कारण नाही. बोलण्यातून उपचार करणाऱ्यांच्या दोन वाटा तिला उघड्या आहेत.

एक मानसशास्त्राची. बी.ए.ला मानसशास्त्र, मग एम.ए., आणि त्यानंतर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी होईल असा अभ्यासक्रम. १९९२ च्या कायद्यानं ही नोंदणी आली. ती नसेल तर ‘क्लिनिकल’ हा शब्द नावापुढे लावता येत नाही. आजवर यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांची एम.फिल. लागायची. ती आता मावळते आहे आणि परिषदेनं तिच्या जागी नवे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणून शेजारच्या ताईनं पाच वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका. ज्या वर्षी प्रवेश घ्याल, त्या वर्षीची परिषदेची मान्यता-यादी उघडून कॉलेजचं नाव स्वतः बघा.

दुसरी वाट समाजकार्याची, म्हणजे एमएसडब्ल्यू. तिला कुठल्याही विषयाची पदवी चालते. गडचिरोलीत फुले-आंबेडकर समाजकार्य महाविद्यालय आहे, त्यामुळे फार लांब जावं लागत नाही. पुढं वैद्यकीय आणि मनोसामाजिक कामाकडे वळता येतं. घर एकट्या मिळकतीवर चालत असेल, धाकटी भावंडं शिकत असतील, तर मी हीच वाट सुचवेन. याहून जास्त वर्षं तिला बाहेर ठेवण्याची ताकद असेल तर पहिली.

पण दोन्हींत खरी परीक्षा एकच. कॉलेजात जाल तेव्हा इमारत, फी, निकाल हे सगळं नंतर विचारा. आधी विचारा, मुलीला प्रत्यक्ष रुग्णांसमोर कधी बसवणार, किती तास, आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवणार? ही विद्या पुस्तकातून येत नाही. शिकाऊ मुलगी तासभर कुणाचं ऐकते, मग शब्दन् शब्द लिहून काढते आणि जाणत्या बाईंपुढे ठेवते. बाई एका ओळीवर बोट ठेवतात. इथं तो गप्प झाला, तेव्हा तू घाईनं सल्ला का दिलास? ती गप्प जागा तुला सोसवली नाही का? अशा बैठका वर्ष-दोन वर्षं चालतात, तेव्हा कुठं माणूस घडतं. दुसऱ्याचं दुःख घरी घेऊन येईल ही तुमची जी भीती आहे, तिच्यावरचा इलाजही हाच आहे. तिला ते दुःख एकटीनं वाहायचं नसतं, मांडायला जागा असते.

म्हणूनच मोबाइलवर दिसणाऱ्या ‘तीन महिन्यांत थेरपिस्ट व्हा’ असल्या प्रमाणपत्रांवर एक रुपयाही घालू नका. घरी बसून टपालानं एम.ए. करू, हा विचारही सोडा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन नवे प्रवेश बंद केले आहेत. आपल्यासारख्या आडबाजूच्या तालुक्याला हा निर्णय जड जातो, हे मला कळतं. आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत गडचिरोली गाठायची, तिथून नागपूर, पुण्याला. तरी निर्णय योग्य आहे असंच मी म्हणेन. टपालानं कुणी टाके घालायला शिकत नाही.

पैशांची सोय आहे. आदिवासी मुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, शासकीय वसतिगृह आहे, आणि वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वयम योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. अनुसूचित जातीसाठी स्वाधार, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. जातीचं प्रमाणपत्र आणि वैधता आत्ताच काढून ठेवा. हे कागद ऐन प्रवेशाच्या वेळी फार रडवतात.

आणि एक विनंती. शहरात गेल्यावर ती माडिया बोलायला लाजेल. वर्गातल्या मुली फाडफाड इंग्रजी बोलतील, तिला वाटेल आपण मागं पडलो. तेव्हा फोनवर तिच्याशी माडियातच बोला. तिथं मोठ्या पदव्यांची माणसं भेटतील, पण आतल्या गावच्या म्हातारीचं तिच्याच बोलीत ऐकून घेईल असं त्यांच्यात शोधूनही सापडणार नाही. ती घरची शिदोरी आहे आणि ती तुम्हीच दिली आहे. पुजाऱ्याकडे लोक का जातात, कुणाच्या अंगात कधी येतं, मयताच्या घरी किती दिवस कोण बसतं, हेही तिला ठाऊक आहे. चांगले शिक्षक तिला ते विसरायला सांगणार नाहीत, उलट विचारून घेतील.

निकाल लागेपर्यंत थांबू नका. दोघांपैकी एकानं तिच्यासोबत एकदा कॉलेजवर जाऊन या. ऑफिसातल्या माणसाला भेटा, पण तिथूनच परतू नका. दुसऱ्या वर्षाची एखादी मुलगी गाठा आणि विचारा, बाई, मागच्या आठवड्यात तू किती जणांचं ऐकलंस, आणि तुझं कोणी ऐकलं?