पेढीतील वेब सर्व्हर : नाव एक, पत्ते दोन

दरपत्रक, मालसाठा आणि आलेल्या मागण्या पाहता याव्यात म्हणून काही व्यापारी आपल्याच कार्यालयात वेब सर्व्हर ठेवतात. बाहेरगावचे गिऱ्हाईक ते पान मोबाइलवर सहज उघडते; पण त्याच कार्यालयात बसलेल्या मुनीमजींच्या संगणकावर मात्र ते उघडत नाही! सर्व्हर बिघडला असे समजून मेकॅनिकला बोलावले जाते व पैसे खर्च होतात. अशा वेळी दोष बहुधा सर्व्हरचा नसून नावनोंदणीचा असतो.

संगणक नावावर चालत नाही, आकडी पत्त्यावर चालतो. नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली तिची रचना मांडली. ही एक प्रकारची पत्त्यांची वहीच होय.

समजा, सर्व्हरचे नाव 'माल.एक्झाम्पल.कॉम' आहे. बाहेरच्या जगासाठी पत्ता २०३.०.११३.१०; हा वास्तविक राउटरचा पत्ता. कार्यालयाच्या आत सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२०. असे पत्ते खाजगी वापरासाठी राखलेले असून ते इंटरनेटवर चालत नाहीत. आतल्या संगणकाला बाहेरचा पत्ता मिळाला की त्याची मागणी राउटरकडे जाते. काही राउटर ती परत आत वळवीत नाहीत. काही वळवतात, पण सर्व्हर आतल्या पत्त्यावरून थेट उत्तर देतो. विचारले एकाला आणि उत्तर आले दुसऱ्याकडून, म्हणून संगणक ते नाकारतो.

यावर उपाय म्हणजे आत आणि बाहेर दोन वेगळ्या वह्या ठेवणे.

१) बाहेरची वही : इंटरनेट कंपनीकडून कायमचा सार्वजनिक पत्ता घ्यावा. जेथे डोमेनची डीएनएस नोंद असते तेथे 'माल' या नावापुढे 'ए' प्रकारची नोंद करून तो पत्ता लिहावा. राउटरवर पोर्ट ४४३ सर्व्हरच्या आतल्या पत्त्याकडे वळवावे. बाहेरच्या वहीत आतला पत्ता लिहू नये.

२) आतली वही : एखाद्या लहान लिनक्स यंत्रावर डीएनएसमास्क हा मोफत प्रोग्राम बसवून त्याच नावापुढे १९२.१६८.१.२० लिहावे. बाकी सर्व नावे त्याने बाहेर विचारावीत.

३) संगणकांना सूचना : राउटरच्या डीएचसीपीत फक्त आतल्या डीएनएसचा पत्ता द्यावा. 'अडचणीला असावा' म्हणून दुसऱ्या रकान्यात बाहेरचा डीएनएस देऊ नये. संगणक कधी याला तर कधी त्याला विचारतो आणि पान कधी उघडते, कधी नाही. पर्याय हवाच असेल तर तीच नोंद असलेला दुसरा आतला डीएनएस ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाची खबरदारी. आत फक्त 'माल' या एकाच नावाची नोंद करावी. संपूर्ण 'एक्झाम्पल.कॉम' आतल्या वहीत घेतले, तर त्या डोमेनची इतर नावे आतला डीएनएस बाहेर विचारणारच नाही. मेलची 'एमएक्स' नोंद उतरवायची राहिली की कार्यालयातून मेल मिळणे-पाठविणे अडू शकते, आणि मागणीच्या मोसमात हे फार महाग पडते. संपूर्ण डोमेन घेणे भागच असेल तर बाहेरची प्रत्येक नोंद आत उतरवावी व पुढील प्रत्येक बदल दोन्हीकडे करावा.

आतल्या डीएनएसचे पोर्ट ५३ बाहेर उघडे ठेवू नये. परके लोक त्याचा उपयोग तिसऱ्यावर हल्ला करण्यासाठी करतात.

शेवटी तपासणी. कार्यालयात 'एनएसलुकअप' चालवून आतला पत्ता येतो का ते पाहावे; मग मोबाइलचे वायफाय बंद करून तेच पान बाहेरून उघडावे. उत्तर चुकले तर ब्राउझरमधील 'सिक्युअर डीएनएस' चालू आहे का तेही पाहावे; ते आतली वही टाळते.

दोन्ही वह्यांची एक प्रत कागदावर लिहून पेढीतच ठेवावी. मेकॅनिक बदलतो, पण पेढी चालूच राहते.