पोहोचलेला अर्ज आणि वाचता येणारा अर्ज

सम्राट अशोकांनी आपले लेख शिलांवर कोरविले, तेव्हा ते वाचणारा कोण, याचा विचार आधी केला होता. सोपारा येथील लेख ब्राह्मी लिपीत आहे. शाहबाजगढी व मानसेहरा येथील खरोष्ठीत, तर कंदहार येथे ग्रीक व अरामाइक भाषांचाही वापर आढळतो. पुढे या ब्राह्मीची ओळख लोपली. अक्षरे दगडावर शाबूत होती, परंतु १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडा करेपर्यंत त्यांचा अर्थ शतकानुशतके बंद राहिला. संगणकावर लिहिलेल्या मराठी अर्जाची हीच गत एका दिवसात होऊ शकते.

याचे कारण समजून घेऊ. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे आकार बसविलेले असतात. तोच फॉन्ट समोरच्या संगणकात नसेल, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने मात्र प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतंत्र क्रमांक दिला. ‘क’चा क्रमांक ०९१५, तो माजलगावात आणि मंत्रालयात एकच.

ही बाब केवळ तांत्रिक नाही. आपल्या भागातील अनेक पालक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शिष्यवृत्तीचा कागद ‘वाचता येत नाही’ म्हणून परत आला, तर दुरुस्त प्रतीवर सही आणण्यासाठी शेकडो किलोमीटरवरचा फड गाठावा लागतो. तोवर मुदत थांबत नाही.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. अंतिम अर्ज पीडीएफ स्वरूपात पाठवावा. २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक असून बहुतेक मोबाइलवरही उघडते. समोरच्यास मजकुरात बदल करावयाचा असेल, तर २००६ साली मानक ठरलेले ओपन डॉक्युमेंट स्वरूप उपयोगी पडते. ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. भारत सरकारनेही २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले, त्यामागे हेच तत्त्व आहे: नागरिकास शासनाशी बोलण्यासाठी विशिष्ट सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागू नये.

दोन सापळे ध्यानात ठेवावेत. जुन्या फॉन्टमधील मजकुराची पीडीएफ दिसावयास शुद्ध असते, पण त्यातील शब्द शोधता येत नाहीत. छापील कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो अंध अधिकाऱ्याच्या वाचक-सॉफ्टवेअरला थेट वाचता येत नाही. सही आवश्यक असेल, तर स्वच्छ स्कॅन जोडावा आणि नियम आड येत नसल्यास मूळ टंकलिखित पीडीएफही सोबत द्यावी. संकेतस्थळाने ठरविलेली आकारमर्यादा आधी वाचावी. फाइलच्या नावात आपले नाव व विषय असावा. ‘नवीन अंतिम २’ या नावावरून कोणास काय कळणार?

शेवटी, फाइल पाठविण्यापूर्वी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहावी. एक ओळ निवडून तिची नक्कल संदेशात उतरवावी. ती मराठीतच उमटली, तर अर्ज पाठविण्यास हरकत नाही. आपल्या न्याय्य मागणीचा निकाल मागणीवर लागावा, फॉन्टवर नव्हे. एवढी काळजी अर्जदाराच्या हाती आहे.