एक दिवस चुकला म्हणून सोडू नका

बंधूंनो, १ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस आपण घरी असतो. चालायला लागतो, प्रेशरची गोळी वेळेवर घेतो. ऑगस्टात ट्रॉलर सुटले की एक दिवस चुकतो आणि मन म्हणतं, 'मोडलं ते मोडलंच!' इथंच आपण फसतो. जाळं फाटलं म्हणून फेकून देतो का? सांधतोच ना! तसंच दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं; मात्र चुकली म्हणून दोन गोळ्या एकदम नाही.

'बरं वाटतंय, गोळी कशाला?' हाही मनाचाच खेळ. प्रेशर बहुतेकदा जाणवत नाही, पण आतून हृदय, मेंदू, मूत्रपिंड बिघडवतं.

गोळ्या चहाच्या डब्याशेजारी ठेवूया, म्हणजे विसरणार नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, सुक्या बांगड्यातलंही धरून. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही.