केसरकथा आणि लडाखी घराचा हिवाळा

तिबेटी परंपरेत गेसर आणि लडाखात केसर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वीराची कथा लडाखात परंपरेने हिवाळ्याच्या दीर्घ रात्री सांगितली जाते. खलत्से येथील पाठाचे संकलक ए. एच. फ्रांके यांनी १९०२ साली तिचा अर्थ वसंत आणि हिवाळा यांच्या ऋतुमिथकाच्या आधारे लावला. तथापि कथेचे हिवाळ्याशी असलेले नाते मिथकापेक्षा घराच्या अर्थव्यवहारात अधिक स्पष्टपणे दिसते.

सुमारे ३००० मीटरांहून अधिक उंचीवरील या शेतीत बहुधा एकच पीक निघते. भाजलेल्या जवाचे पीठ, वाळविलेले जर्दाळू व सलगम आणि ताकापासून केलेले सुके ‘छुर्पे’ यांवर घर हिवाळा काढी. लाकूड दुर्मिळ, म्हणून गोवऱ्यांचा साठा जपून वापरला जाई. चूल एकच पेटे आणि सारे घर तिच्याभोवती जमे. स्त्रिया आणि पुरुष दोघेही लोकर कातीत व कथा ऐकत.

म्हणजे काटकसरीनेच कथेला श्रोते मिळवून दिले. मराठीतील जात्यावरच्या ओवीत दळणारीच गाते. श्रम तेथे लय पुरवितात. केसरकथेत श्रम श्रोत्यांकडे असतात. ते कथेला अवकाश पुरवितात.

१९७४ साली लडाख पर्यटकांना खुले झाले. पुढे नवे रोजगार आणि दूरदर्शन यांमुळे चुलीभोवतीची बैठक विरळ होत गेली. संहिता शब्द जपते, श्रवणाचा प्रसंग जपत नाही. म्हणून मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकाने कथेबरोबर ती ऐकणाऱ्या घराचीही नोंद करावयास हवी.