बालशिक्षणाचे उच्च अध्ययन व त्यातील व्यवसाय

लहान मुले सांभाळण्यास विद्यापीठाची पदवी कशाला हवी, असा प्रश्न खेडोपाडी आजही विचारला जातो. सावसारख्या गावी बारावी झालेल्या मुलीच्या पुढील शिक्षणाचा विचार चालू असता या विषयाचे नाव क्वचितच निघते. पालक सल्ल्यासाठी प्रथम गुरुजींकडे वा बाईंकडेच येतात. म्हणून शिक्षकास याची माहिती असणे अगत्याचे आहे.

मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने हे कार्य ग्रामीण भागात रुजले. आदिवासी मुले शाळेत येईनात. कारण गुरे राखणे व धाकटी भावंडे सांभाळणे त्यांच्याकडे असे. तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात आणि कुरणात नेण्यात आली. मूल का येत नाही याचे कारण मुलात न शोधता त्याच्या घरच्या परिस्थितीत शोधणे, हा या शास्त्राचा गाभा होय.

बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ व मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ येथे गृहविज्ञानाच्या अंगाने बालविकासाचे अध्यापन होत आले आहे. शरीराची वाढ, भाषा, आहार, खेळ हे विषय त्यात येतात. परंतु खरी कसोटी निरीक्षणाची. मूल काय करते ते जसेच्या तसे टिपावे लागते, आपले मत त्यात मिसळून चालत नाही. सावित्रीच्या पात्रातील गोटे लहानमोठे लावताना मूल कोठे अडते, झऱ्याचे कोमट होऊ दिलेले पाणी व विहिरीचे गार पाणी यांतील भेद कोणत्या शब्दांत सांगते, हे साधे पाठही त्याच जातीचे आहेत.

व्यवसायाचे म्हणाल तर १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी सेविका गावच्याच रहिवासी असतात. मात्र त्यांस मिळते ते मानधन, वेतन नव्हे. हे मुलींपासून लपवू नये. पदवीधरांस मुख्यसेविका, बालविकास प्रकल्प अधिकारी या जागांसाठी परीक्षा देता येतात. बालवाडीचे संचालन, शिक्षिकांचे प्रशिक्षण, दिव्यांग बालकांसाठीचे कार्य हीही क्षेत्रे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानल्याने पहिली-दुसरीच्या शिक्षकांचाही या विषयाशी निकट संबंध आला आहे.

अल्प मुदतीची प्रमाणपत्रे देणाऱ्या खाजगी संस्था पुष्कळ आहेत. शुल्क भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमास मान्यता आहे किंवा नाही, याची विचारणा शिक्षकाने पालकांकडून अवश्य करवून घ्यावी.