बेटांचे मैदान

प्रस्तावना

जगाच्या नकाशावर प्रशांत महासागराच्या निळ्या विस्तारात काही बारीक ठिपके दिसतात. फिजी, सामोआ आणि टोंगा हे त्यांपैकी तीन स्वतंत्र देश. फिजीचे नाव भारतीयांना गिरमिटांच्या इतिहासामुळे परिचित आहे. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६०,००० भारतीय मजूर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी तेथे नेले गेले. क्रीडाविश्वात मात्र हे तीन देश ओळखले जातात ते रग्बी या खेळामुळे. तिन्ही देशांची लोकसंख्या एकत्र केली तरी ती एखाद्या मध्यम आकाराच्या भारतीय शहराएवढीच, म्हणजे सुमारे बारा लाख भरते. अशा लहान देशांना आपल्या हक्काची स्पर्धा कशी मिळाली आणि ती मिळाल्यावरही कोणता प्रश्न शिल्लक राहिला, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
- रग्बी खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल;
- प्रशांत महासागरातील बेटांच्या रग्बी स्पर्धेची वाटचाल क्रमाने लिहिता येईल;
- गुणवत्ता आणि संधी यांच्या संबंधाविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

१. सकाळी सातचा सामना

तारीख होती १८ ऑगस्ट १९२४, आणि ठिकाण होते सामोआमधील आपिया हे शहर. सकाळी सात वाजता फिजी आणि सामोआ यांचे संघ मैदानात उतरले. इतक्या लवकर सामना ठेवण्याचे कारण साधे होते. सामना आटोपून सामोआच्या खेळाडूंना आपापल्या कामावर जायचे होते. मैदानही काही खास सजवलेले नव्हते. त्याच्या मध्यरेषेवर चक्क एक झाड उभे होते. झाडाला वळसा घालत दोन्ही संघ खेळले आणि फिजीने तो सामना ६–० असा जिंकला.

तेथून फिजीचा संघ समुद्रमार्गे टोंगाला गेला. तेथील तीन कसोटी सामन्यांपैकी एक टोंगाने जिंकला, एक फिजीने जिंकला आणि एक बरोबरीत सुटला. परतीच्या वाटेवर संघ पुन्हा आपियात उतरला, तेव्हा सामोआने ९–३ असा विजय मिळवून पहिल्या पराभवाची परतफेड केली.

त्या काळी फिजी ही ब्रिटिशांची वसाहत होती, सामोआवर न्यूझीलंडचा अंमल होता आणि टोंगा ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते. रग्बी हा खेळही परक्यांनीच या बेटांवर आणला. परंतु बेटांवरील लोकांनी तो पाहता पाहता आपलासा केला.

२. खेळाची ओळख

रग्बी युनियनमध्ये प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात आणि सामना ८० मिनिटे चालतो. चेंडू लंबगोल असतो. तो हातात धरून धावता येते. मात्र हाताने सहकाऱ्याकडे टाकताना तो पुढे टाकता येत नाही, मागे किंवा बाजूलाच टाकावा लागतो. त्यामुळे ज्याच्या हाती चेंडू असतो, त्याला आपल्या पाठीमागून धावत येणाऱ्या सोबत्यांवर विश्वास ठेवावाच लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवला, की ‘ट्राय’ होतो. आज ट्रायसाठी पाच गुण मिळतात.

सामन्यापूर्वी बेटांचे संघ आपले पारंपरिक युद्धनृत्य करतात. सामोआच्या नृत्याला ‘सिवा ताऊ’ आणि टोंगाच्या नृत्याला ‘सिपी ताऊ’ म्हणतात. ही दोन राष्ट्रे समोरासमोर येतात, तेव्हा एका आव्हानाला दुसरे आव्हान उत्तर देते आणि प्रेक्षागृह दुमदुमून जाते.

३. गुण होते, संधी नव्हती

बेटांच्या गुणवत्तेची साक्ष विश्वचषक स्पर्धांनी वेळोवेळी दिली आहे. १९८७ च्या पहिल्या विश्वचषकाचे निमंत्रण सामोआला मिळाले नव्हते. त्याच सामोआने १९९१ मध्ये वेल्सला त्यांच्याच कार्डिफ शहरात १६–१३ असे हरवले. २००७ मध्ये फिजीने वेल्सवर ३८–३४ अशी मात केली. २०११ मध्ये टोंगाने फ्रान्सला १९–१४ असे नमवले. तोच फ्रान्सचा संघ पुढे त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला.

परंतु विश्वचषक चार वर्षांतून एकदाच येतो. मधल्या काळात खेळायचे कोणाशी? मातब्बर देश आपसांत नियमित सामने खेळत, बेटांकडे मात्र क्वचितच फिरकत. सामन्याचे उत्पन्न बहुधा यजमानाकडे जाते आणि बेटांवरील लहान मैदानांत ते उत्पन्नही तुटपुंजेच असते. न्यूझीलंडच्या संघात सामोआचे रक्त असलेले अनेक खेळाडू चमकले. तरीही त्यांच्या मुख्य संघाने सामोआच्या भूमीवर पहिला कसोटी सामना खेळला तो थेट ८ जुलै २०१५ रोजी. सामोआ स्वतंत्र होऊन तेव्हा ५३ वर्षे झाली होती.

४. स्पर्धेची वाटचाल

इतरांची वाट पाहण्यापेक्षा एकमेकांशी खेळावे, हा मार्ग बेटांनी स्वीकारला. १९८२ पासून फिजी, सामोआ आणि टोंगा यांच्यात त्रिराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. २००६ मध्ये तिची जागा एका मोठ्या स्पर्धेने घेतली. जपान आणि न्यूझीलंडचा दुसऱ्या फळीचा संघ तीत सामील झाले. पुढे ही स्पर्धा ‘पॅसिफिक नेशन्स कप’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

पहिली चार वर्षे, म्हणजे २००६ ते २००९, विजेतेपद न्यूझीलंडहून आलेल्या संघांकडेच राहिले. ते संघ स्पर्धेतून बाहेर पडल्यावर २०१० मध्ये सामोआने चषक जिंकला. २०११ मध्ये तो जपानने मिळवला. पुढे फिजीने २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षे विजेतेपद राखले. २०२४ मध्ये कॅनडा आणि अमेरिका यांच्यासह सहा देशांची स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात फिजीने जपानला ४१–१७ असे हरवले.

नियमित सामन्यांमुळे संघ घडतो. हरण्याची भीती जाते, चुका सुधारायला पुढचा सामना मिळतो, नव्या खेळाडूला आपला क्रम येईल याची खात्री वाटते. २०२३ च्या विश्वचषकात फिजीने ऑस्ट्रेलियाला २२–१५ असे पराभूत करून उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्या यशामागे अशा अनेक वर्षांच्या सामन्यांची शिदोरी होती.

५. घर सोडून गेलेले खेळाडू

एक प्रश्न मात्र स्पर्धेने सुटला नाही. बेटांवर व्यावसायिक खेळाडूला पोसेल एवढा पैसा नाही. म्हणून तरुण खेळाडू न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान, फ्रान्स किंवा इंग्लंड येथे जातात. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर गावाकडचे घर उभे राहते, भावंडांचे शिक्षण होते. क्लबचा मोसम आणि देशाचा सामना एकाच वेळी आला, की अशा खेळाडूची ओढाताण होते. एकीकडे पोट असते, दुसरीकडे माती.

कित्येक खेळाडू परदेशाच्या राष्ट्रीय संघातही निवडले गेले. पूर्वीच्या नियमानुसार एका देशाच्या मुख्य संघाकडून खेळलेल्या खेळाडूला सहसा दुसऱ्या देशाकडून खेळता येत नसे. मोठ्या देशाने दोन-चार सामन्यांनंतर बाजूला ठेवलेल्या खेळाडूलाही मायदेशाचे दार बंदच राही.

जागतिक रग्बी संघटनेने हा नियम बदलला. १ जानेवारी २०२२ पासून, तीन वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहिलेल्या खेळाडूला एकदा देश बदलण्याची मुभा मिळाली. अट अशी, की तो नव्या देशात जन्मलेला असावा किंवा त्याचे आईवडील अथवा आजी-आजोबा यांपैकी कोणी तेथे जन्मलेले असावे. टोंगात जन्मलेला मलकाई फेकितोआ पूर्वी न्यूझीलंडकडून खेळला होता. २०२२ मध्ये तो टोंगाच्या गणवेशात मैदानात उतरला.

या बदलाने बेटांची गरिबी दूर झाली नाही आणि खेळाडूंचे परदेशी जाणेही थांबले नाही. परंतु गेलेल्याला परत येता येते, एवढे नक्की झाले. शंभर वर्षांपूर्वी मैदानातल्या झाडाला वळसा घालून खेळणाऱ्यांचे वारस आजही अडथळ्यांना वळसा घालतच पुढे जात आहेत. त्यांना दया नको आहे. वर्षाकाठी खेळायला पुरेसे सामने हवे आहेत.

शब्दार्थ

गिरमिट – मजुरीचा ठरावीक मुदतीचा करार
अंमल – सत्ता, राज्यकारभार
मातब्बर – वजनदार, सामर्थ्यवान
तुटपुंजे – अपुरे
शिदोरी – प्रवासासाठी बरोबर घेतलेले अन्न; (येथे) अनुभवाचा साठा
मुभा – परवानगी

स्वाध्याय

१. आपियातील १९२४ चा सामना सकाळी सात वाजता का ठेवला गेला?
२. विश्वचषकातील विजयांनंतरही बेटांना स्वतंत्र स्पर्धेची गरज का होती? पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. ‘एकीकडे पोट असते, दुसरीकडे माती’ या वाक्याचा पाठाच्या संदर्भात अर्थ स्पष्ट करा.
४. ‘पोट’ आणि ‘माती’ हे शब्द असलेले प्रत्येकी दोन वाक्प्रचार शोधा व वाक्यांत उपयोग करा.
५. कामधंद्यासाठी गाव सोडून गेलेली एखादी व्यक्ती आपल्या परिचयाची असेल. गावाशी तिचे नाते कसे टिकून आहे, यावर दहा ओळी लिहा.